शेखरचं गाणं

नागभीडपासून मार्कंड्यापर्यंत आमच्या क्लॅरिनेटवाल्या चाचांइतका कमी गरजांचा माणूस दुसरा नाही, आणि इतका हट्टीही नाही. साधेपणावरची पत्रकं वाचतच मी वाढले. माझे वडील ती वाटायचे. चाचा त्यांचे जुने मित्र. ते पत्रक घ्यायचे, घडी करायचे आणि क्लॅरिनेटची फुंकायची पत्ती त्यात गुंडाळून ठेवायचे. बँडच्या लाल कोटावरची सोनेरी झालर त्यांनी स्वतः उसवून टाकली होती, कारण ती सूर धरताना खांद्यावर कटकट करायची. क्लॅरिनेट उशीच्या अभ्र्यात नांदायची. लग्नघरी दुसरी जिलेबी आली की ताटावर त्यांचा हात आडवा. चहा मात्र तिसऱ्यांदा मागून घेत, कारण चहा जेवणात धरत नाहीत असा त्यांचा सिद्धांत होता.

एकदा मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर पाहुण्यांच्या स्वागताला त्यांचा बँड गेला. तिथे वाघ न दिसलेली एक म्हातारी अमेरिकन बाई मन रमवायला एक गाणं गुणगुणत होती. साधं राहण्यातला आनंद सांगणारं, तिकडच्या शेकर नावाच्या जुन्या पंथाचं. चहा संपेपर्यंत चाचांनी चाल उचलली. गाणं कुणाचं, असं विचारल्यावर बाई म्हणाली शेकर, चाचांनी ऐकलं शेखर, आणि आमच्या भागाला एक नवा संगीतकार मिळाला. कुणी म्हणे तो ब्रह्मपुरीचा. मूल गावच्या लोकांनी तर त्याला आपला जावई करून टाकला. मी चाचांना खरं ते समजावून सांगितलं, की ती खुर्च्या बनवून साधेपणाने राहणारी माणसं होती. चाचांनी शांतपणे ऐकलं. "मंग शेखर बी त्याईतलाच असन," ते म्हणाले.

वरातीत धिंगाण्याच्या दोन गाण्यांच्या मध्ये ते हळूच शेखर लावत. नाचणारे घाम पुसत चालायला लागत, घोडीसुद्धा शहाण्यासारखी वागे. जयंतीची मिरवणूक असो की गुरुजींचा निरोप, शेखरची फर्माईश ठरलेली. पोरांना ती चाल एकदा ऐकून यायची आणि म्हाताऱ्यांना कितीदाही ऐकून पुरायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात चाचांचे पुढचे दात काढावे लागले. कवळी बसली, पण कवळीने क्लॅरिनेट धरवेना. अभ्रा खुंटीवर गेला आणि चहा दोनवर आला.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी भांडून साधं ठरवलं: हार, चहा आणि चाचा. नवऱ्या मुलाच्या मामांना डीजेशिवायचं लग्न तेरवीसारखं वाटत होतं. चाचांना जमलं नाही तर डीजे वाजेल, असं त्यांनी वदवून घेतलं आणि गाडी कोपऱ्यावर आणून उभीही केली. माझी भीती वेगळी होती. चाचा इथे चारचौघांत हरले, तर अभ्रा खुंटीवरून पुन्हा निघणार नव्हता.

चाचांनी पहिली फुंकर मारली. नुसती हवा आली.

"चाचा, सायकलीत हवा भरून राह्यले का?" मामांनी विचारलं. मांडव हसला.

चाचाही हसले. मग त्यांनी तोंडातून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "धर पोरी. पाडू नको." ओठ हिरड्यांवर दुमडून त्यांनी क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावली. सूर खालचा निघाला, थोडा घोगरा, पण निघाला. शेखरच्या गाण्याला कुठे उंच चढायचं नव्हतंच. बहिणीने हार घातला. मामांनीच डीजेवाल्याला जा म्हणून हात केला.

"शेखरले दात नाई लागत," चाचा कवळी परत घेत म्हणाले.

जेवताना मामांनी मला विचारलं, हा शेखर कोण. ब्रह्मपुरीकडचा होता म्हणतात, मी सांगितलं.

आता चाचांची बाकीची सगळी गाणी दातांबरोबर गेली. वराती त्यांच्या दारावरून मोठमोठ्या पेट्या घेऊन जातात. मी संध्याकाळी गेले की ते अभ्रा काढतात, रुमाल माझ्या हातात देतात, आणि उरलेलं एक गाणं वाजवतात. मी कवळी सांभाळत ऐकत बसते.