दोघींसाठी शोधलेलं गाव

निवृत्तीनंतर पुणं सोडायचं, ही कल्पना माझ्या थोरल्या बहिणीची. तिचं लग्न झालं नाही, माझं फार टिकलं नाही, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. ती शाळेत शिकवायची, मी कचेरीत टायपिस्ट होते. मीही निवृत्त झाले त्याच आठवड्यात ताई म्हणाली, "आता या गोंगाटात राहायचं काही कारण उरलं नाही."

आमचं लहानपण कोल्हापुरात गेलेलं, वडिलांची तिथं नोकरी होती. त्यामुळे ताईची नजर तिकडंच वळली. पण खुद्द कोल्हापुरात तिला राहायचं नव्हतं. तिथली भाडी आता आमच्या आवाक्यातली नव्हती आणि रहदारी पुण्यासारखीच. "कोल्हापूर हाताशी असावं, कानाशी नको," ती म्हणायची. गाव शांत हवं, पेन्शनीत भागायला हवं, आणि छातीत दुखलं तर तासाभरात चांगल्या डॉक्टरपुढं पोचता यायला हवं, एवढ्या तिच्या अटी.

त्या हिवाळ्यात आम्ही एसटीनं हिंडलो. शाहूवाडीकडं गेलो तेव्हा भाताची कापणी उरकली होती, डोंगरांवर धुकं होतं. ताई कितीतरी वेळ एकटक बघत उभी राहिली. मग चहाच्या टपरीवाल्याला तिनं विचारलं, "इथं मोठा दवाखाना कुठं हो?"

"कोल्हापुरातच की," तो म्हणाला. "सकाळची गाडी चुकली की मग बसा वाट बघत."

ताईनं चहा संपवला आणि परतीच्या गाडीची चौकशी केली. इचलकरंजीत जागा चांगली मिळत होती, पण भिंतीपलीकडं यंत्रमाग. घरमालक ओरडून सांगत होता, "चार दिसांत सवय हुती बघा कानाला!" बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "माग बंद पडले की यांना दचकून जाग येत असेल." आम्ही दोघी स्टँडपर्यंत हसत गेलो.

पेठ वडगावात मात्र तिला हवं ते सगळं सापडलं. बाजारपेठ आहे, कोल्हापूरच्या गाड्या सारख्या मिळतात, आणि पेठेच्या मागच्या गल्लीत एका माडीवर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या खिडकीतून उसाची शेतं. उजेडाची खोली ताईनं लगेच स्वतःकडं घेतली. "तू उशिरा उठतेस, तुला काय करायचाय उजेड?"

आम्ही राहायला जायच्या आधीच ताई गेली. पुण्यात चांगला दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

ताईचे दिवस झाल्यावर मामेभाऊ म्हणाला, "आता तिकडं एकटी काय करणार तू?" पुण्यात एकटी काय करणार, हेही मला माहीत नव्हतं. शिवाय दोघींच्या पेन्शनीवर चालणारं पुणं एकीच्या पेन्शनीत बसत नव्हतं. मी सामान बांधलं.

वडगावात पहिल्याच आठवड्यात भाजीवालीनं विचारलं, "कुणाकडच्या पावण्या तुम्ही?"

"कुणाकडची नाही. राहायला आले आहे."

"व्हय, पर कुणाकडं?"

तिचा प्रश्न साधाच होता. गावात माणूस येतं ते कुणाचं तरी असतं. सून, आत्या, बदलून आलेल्या मास्तरांची बायको. मी फक्त घर शोधून आले होते. पुढं मला लोक 'पुण्याच्या बाई' म्हणू लागले. माझं गाव म्हणून त्यांनी मी सोडलेलं गाव धरलं.

शांतता मात्र खरोखर होती. दुपारी गल्ली निजायची. खालच्या अंगाला एका घरी म्हशी होत्या, त्यांच्या साखळ्यांचा आवाज तेवढा यायचा. उजेडाच्या खोलीत मी ताईच्या पेट्या ठेवल्या आणि दार ओढून घेतलं. एकदा गॅसवाला आला तेव्हा त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं तर घोगरा, परका आवाज निघाला. आठवून पाहिलं, तर त्याआधी कुणाशी बोलले होते ते काही आठवेना. तेव्हापासून मी काही काम काढून कोल्हापूरला जाऊ लागले. काम नसलं तरी जायचे. स्टँडवरच्या गर्दीत धक्के खायचे, रंकाळ्यावर जाऊन बसायचं, शेजारच्या बाकावरचं भांडण ऐकायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. शांततेसाठी गाव निवडलं आणि गोंगाटासाठी एसटीचं तिकीट काढत होते. ताई असती तर तिनं मला यावरून सोडलं नसतं.

वर्षभरानं गाडीची पाटी वाचता येईना. कोल्हापुरात डोळे दाखवले. दोन्हीत मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन लगेच करू, डॉक्टर म्हणाले. ठरल्या दिवशी मी पिशवी घेऊन गेले. टेबलापलीकडच्या मुलीनं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "सोबत कोण आलंय?"

"मी एकटीच आहे."

"नाही, म्हणजे घरचं कुणी? नंतर न्यायला?"

"एसटीनं जाईन मी. फार लांब नाही."

ती चांगली मुलगी होती. उठून आत विचारून आली. "मावशी, डोळ्याला पट्टी असणार, एकट्याला सोडत नाहीत. कुणालाही आणा, पुढच्या आठवड्यात करू."

तिनं 'कुणालाही' म्हटलं ते मला धीर द्यायलाच. परतीच्या गाडीत मी ओळखीची माणसं मनात आठवत बसले. मामेभाऊ स्वतःच काठी टेकत चालतो. कचेरीतली मैत्रीण मुलाकडं परदेशात. ताईच्या अटींमध्ये ही अट आम्ही घातलीच नव्हती. तेव्हा ती लागतही नव्हती.

गल्लीत शिरले तेव्हा म्हशींच्या घरची बाई दारात वैरण टाकत होती. माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, आवाज खणखणीत. वर्षभर मी तिच्याकडून दूध घेत होते, पण बोलणं पातेल्यापुरतं.

"काय ओ बाई, आज डोळ्याचं व्हतं न्हवं? दूध नगं म्हनालता की."

मी नियम सांगितला. सांगता सांगता रडू आलं. भर रस्त्यात, म्हशीसमोर.

तिनं वैरण खाली टाकली. "अवो, मग सांगायचं न्हाय व्हय? मी येतो की संगं!" कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, 'येतो', 'जातो'. लहानपणी आम्हीही बोलायचो. पुण्यात गेल्यावर ताईनं आग्रहानं सोडवलं होतं.

"तुमची जनावरं?"

"त्यास्नी मालक हाईत. तुमास्नी कोन हाय?"

मी डोळे पुसले आणि तिला पुढच्या आठवड्यातला वार सांगितला.

पुढच्या आठवड्यात ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "नातं काय?"

"शेजारीन," ती अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "चालत न्हाय व्हय?"

"चालतं की," मुलगी म्हणाली.

मला बाहेर आणलं तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं, म्हशीचं दावं धरावं तसं. तिच्या हाताला शेणाचा आणि साबणाचा वास होता. ताई गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं. गाडीत ती सगळा रस्ता बोलत होती. सून कशी चहात साखर जास्त घालते, कुठली म्हैस आटली. मी पट्टीखाली डोळा मिटून ऐकत राहिले.

औषधाचे थेंब घालायला ती रोज माडी चढून यायची. एकदा तिनं बंद दाराकडं बोट केलं. "हितं काय हाय?"

"माझ्या बहिणीची खोली."

"कवा येत्यात त्या?"

मी सांगितलं. तिनं थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मग दार तरी उघडं ठेवा. कोंदट वास मारतोय."

थेंब संपले तशी ती यायची थांबली. तिला धारा, वैरण, डेअरी, नातवंडं; तिचा दिवस आधीच भरलेला आहे. आता ती दारातून हाक मारते, "बरं हाय न्हवं?" आणि मी "व्हय" म्हणते. दिवसातलं बोलणं पुष्कळदा तेवढंच.

डाव्या डोळ्याचं करायचं ठरलं तेव्हा मी स्वतः खाली उतरून तिला विचारलं. विचारायच्या आधी जिन्यात बराच वेळ उभी होते. ती म्हणाली, "येतो की, त्यात काय इच्यारायचं?"

वर येऊन मी ताईच्या खोलीतल्या पेट्या भिंतीशी सरकवल्या आणि खिडकीपाशी खुर्ची ठेवली. ताईनं उजेडासाठी ही खोली घेतली होती ती उगाच नाही. सकाळी तिथं फार छान ऊन येतं.