आबा आणि ओटीपी

आमच्या घरात चोराला अजिबात दाद न देणारा माणूस म्हणजे आमचे आबा. त्यांना तसं तयार मी केलं.

मी घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. झाले आणि कामशेतच्या बाजारात जीएसटी भरून द्यायचं ऑफिस थाटलं (टेबल माझं, पंखा घरमालकाचा). पहिलं गिऱ्हाईक माझे वडीलच, म्हणजे आबा. पवना धरणाच्या बाजूला त्यांचं खताचं दुकान. इतकी वर्षं सगळं मुनीमकाका बघायचे. "एक डाव भरून दाखीव. चुकलीस तर परत मुनीमकाका," असं ठरलं, आणि अख्खा बाजार निकालाची वाट बघत बसला.

कॉम्प्युटरवर त्यांचा भरवसा बसावा म्हणून मी शिकवणीच घेतली. मोबाइलवर आकडा येतो, त्याला ओटीपी म्हणतात, तो कुणालाच सांगायचा नाही. बँकेला नाही, पोलिसाला नाही, घरच्यांनासुद्धा नाही. हल्ली चोर आवाजही हुबेहूब काढतात! आबा मान डोलवत होते. मला वाटलं, विसरतील.

रिटर्नची शेवटची तारीख, तीही रविवारी. सगळं भरलं, बटण दाबलं, ओटीपी आबांच्या मोबाइलवर गेला. मी फोन लावला.

"आबा, आकडा सांगा."

"कोन बोलतंय?"

"मी, मंगल."

"आवाज तर तिचाच काढलाय," असं दुकानातल्या कुणाला तरी सांगून त्यांनी फोन ठेवला.

परत लावला. गाईचं नाव सांगितलं, लहानपणी मी कुठल्या झाडावरून पडले ते सांगितलं. तर म्हणाले, चोरानं लय माहिती काढलीय. तिसऱ्यांदा लावला तर माझा नंबर ब्लॉक! (तेही मीच शिकवलेलं.)

मग मीही हट्टाला पेटले. लॅपटॉप पाठीवर, स्कूटी चालू. रस्त्याच्या मधोमध कणीस खाणाऱ्या पर्यटकांतून वाट काढत दुकान गाठलं, हेल्मेट काढून चेहरा दाखवला.

"आता पटली ओळख?"

"पटली की. च्या घे."

"आणि आकडा?"

"त्यो न्हाई. घरच्यांलाबी सांगायचा न्हाई, असं आमच्या पोरीनं बजावलंय. लय शिकल्याली हाय ती."

ऊन उतरायला लागलं तेव्हा तोड आबांनीच काढली. लॅपटॉप खताच्या गोणीवर ठेवला. मी नवा आकडा मागवायचा, तो ते स्वतः टाकणार, एका बोटानं.

"तू भिंतीकडं तोंड कर."

केलं. रिटर्न भरलं गेलं. आता आबाच बाजारभर सांगतात, कागद पोरीकडं द्या, काम पक्कं हाय. मुनीमकाकांचं नाव निघत नाही.

शाळा-कॉलेजात मला एकदाही शिक्षा झाली नव्हती. आता पदवी घेऊन दर महिन्याला खताच्या गोण्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभी असते.