सिस्टर हयात असल्याचा दाखला

माणूस हयात आहे की नाही, हे फक्त परमेश्वर ठरवतो. सैनिकाच्या विधवेच्या बाबतीत ते दर नोव्हेंबरला पेन्शन कचेरी ठरवते.

ही माहिती मला सौदीतल्या हुफूफच्या आमच्या इस्पितळातल्या रेकॉर्ड क्लार्कने दिली. दापोलीकडचा हा गृहस्थ "कायदा असा आहे, डॉक्टर" म्हटल्याशिवाय चहासुद्धा मागवत नसे. महिन्याभरात त्याची खुर्ची एका सौदी माणसाला मिळणार होती, आणि हा त्यालाच हौसेने फायली लावायला शिकवत होता.

अतिदक्षता विभागातल्या आमच्या सिस्टरचे यजमान फौजेत असताना वारले होते. हयातीच्या दाखल्यावर सही करणारे भारतीय वकिलातीचे साहेब त्या शुक्रवारी दुपारपर्यंतच गावात होते. सिस्टरला ड्यूटी सोडता येईना, आणि सही हुकली तर तिची पेन्शन बंद होणार होती.

"बाई साहेबांसमोर हजर पाहिजे, असा कायदा आहे," क्लार्क म्हणाला. "कुणी कुणाकडे जायचं, ते लिहिलेलं नाही. यल्ला, चला डॉक्टर, गाडीची चावी द्या."

अर्ध्या तासात तो साहेबांना घेऊन हजर. "साब, आपका चेहरा ठीक नहीं लग रहा," एवढंच म्हणे तो त्यांना म्हणाला होता. विभागाच्या दारातच सिस्टरने साहेबांच्या डाव्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला. क्लार्कने उजव्या हातापुढे दाखला सरकवला. साहेबांनी सिस्टरकडे एकदा नीट पाहिलं आणि सही केली.

त्यांचं ब्लडप्रेशर एकशे नव्वद निघालं. त्यांना दोन दिवस भरती करून घ्यावं लागलं.