वहीतले चार अंश

वस्ताद हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण बावीस वर्षांत त्याला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. बायकोसुद्धा पाहुण्यांसमोर "आमचे वस्ताद" म्हणायची, अर्धं कौतुकाने आणि अर्धं चिडवायला. बाजाराच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानासमोर लाल कंदील टांगलेलं जे चिनी हॉटेल होतं, तिथला तो मुख्य आचारी.

एकोणिसाव्या वर्षी तो तिथे भांडी घासायला लागला, तेव्हा कढईवर एक चिनी म्हातारा होता. त्याची भाषा तोडकीमोडकी, पण हात बोलके. भात शिजला की म्हातारा तो मोठ्या ट्रेमध्ये बोटभर जाडीचा पसरायचा, पंख्याखाली ठेवायचा आणि वाफ गेली रे गेली की लगेच फ्रीजमध्ये सरकवायचा. फ्राइड राइस करायचा तो याच थंड भाताचा, दुसऱ्या दिवशी. मधे कोणी आळस केला तर पळीचा दांडा बोटांवर बसायचा. वस्तादाने असे पुष्कळ दांडे खाल्ले आणि विद्या मिळवली.

पुढे म्हातारा गेला. गिऱ्हाईक वाढलं, टेबलं वाढली, फ्रीज मात्र तेवढाच राहिला. भाताचे ट्रे ठेवायला जागा होईना. मग एकदा भाताचं पातेलं रात्रभर कापड टाकून तसंच ओट्यावर राहिलं. सकाळी त्याचाच फ्राइड राइस झाला, लोकांनी बोटं चाटून खाल्ला, कोणाचं पोटही दुखलं नाही. घात झाला तो इथेच. एकदा पचलं ते दोनदा पचलं, आणि दोनदा पचलं ते रोजचं झालं.

वहीचंही तसंच. फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा बघून लिहायचं, असा आरोग्य खात्याचा नियम. त्यासाठी फ्रीजशेजारी खिळ्याला दोरीने एक वही टांगलेली होती. वस्ताद आठवड्याची वही सोमवारी एका बैठकीत भरून टाकायचा, चहा पिता पिता. सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश. पाचाच्या आत असलं पाहिजे एवढं त्याला माहीत होतं. फ्रीजचं दार धड लागत नव्हतं, रबर फाटलं होतं, हेही माहीत होतं. पण वहीत थंडीच थंडी होती.

भांड्यांवर मावशी होती. पन्नाशी उलटलेली, कामाला वाघीण. नऊ वर्षांत तिच्या हातून कधी ताटलीला तेलाचा डाग राहिला नाही. दुपारी काम उरकलं की ती मागच्या पायरीवर बसायची, चष्मा लावायची आणि काखेत आणलेलं वर्तमानपत्र उघडायची.

"काय मावशी, काय म्हणतंय जग?" वस्ताद आतूनच विचारायचा.

"जग काय म्हणणार? तेच रडगाणं, नवा कागद!"

सगळे हसायचे. मावशी पान उलटायची.

त्या बुधवारी अकराच्या सुमाराला आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. बुटक्या, शांत, आवाज चढवायची सवय नसलेल्या. त्यांनी हात धुतले, केस टोपीत कोंबले आणि पेटीतून सुईसारखं तापमापक काढलं. मालक, म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, गल्ल्यावरून धावत आत आला आणि उगाचच हसत उभा राहिला.

बाईंनी आधी पातेल्यावरचं कापड उचललं.

"हा भात कधीचा?"

"आज सकाळचा," वस्ताद म्हणाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

बाईंनी सुई भातात खुपसली. मग चमच्याने कडेचा भात उकरला. तळाशी तो पिवळसर, चिकट झाला होता. त्यांनी चमचा नाकाशी नेला आणि वस्तादापुढे धरला. "तुम्ही आचारी आहात. तुम्हीच सांगा."

वस्तादाने वास घेतला. बावीस वर्षांचं नाक, ते थोडंच खोटं बोलणार! 

"शिळा भात कितीही परतला तरी त्यात तयार झालेलं विष जळत नाही," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं, कढईत गेलं की सगळं शुद्ध."

मग त्यांनी फ्रीज उघडला. कच्चं चिकन वरच्या कप्प्यात आणि खाली उघडी भाजी, त्यावर चिकनचं पाणी ठिबकलेलं. तापमापकावर अकरा. त्यांनी दोरीची वही हातात घेतली, दोन पानं मागे गेल्या, दोन पानं पुढे आल्या, आणि थांबल्या.

"आज कुठला वार?"

"बुधवार," मालक म्हणाला.

"मग शुक्रवार संध्याकाळचे चार अंश कोणी मोजले?"

मालकाचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने वस्तादाकडे बघितलं. वस्तादाची पाचावर धारण बसली. सिंकपाशी नळ चालू होता, मावशीची पाठ त्यांच्याकडे होती. तिला बहुतेक काही ऐकूही येत नव्हतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वही मावशी भरते."

नळ बंद झाला. मावशीने वळून बघितलं. आधी वस्तादाकडे, मग बाईंकडे.

"मावशी, तुम्ही लिहिता का ही वही?" बाईंनी विचारलं.

 मावशीने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. बाईंनी वही ओट्यावर पसरली आणि पेन पुढे केलं. "घाबरू नका. आत्ता फ्रीज अकरा दाखवतोय. एवढं अकरा लिहून द्या, म्हणजे अक्षर जुळतंय का ते कळेल."

मावशीने पेन घेतलं. पळी धरावी तसं मुठीत धरलं. टोक कागदाला टेकलं, तिथे शाईचा एक ठिपका पडला आणि तो मोठा होत गेला. कढईखालचा जाळ तेवढा आवाज करत होता.

"मला नाही येत लिहायला," मावशी म्हणाली. "वाचायलाही नाही येत."

नऊ वर्षं तिने ते झाकून ठेवलं होतं. कोणाला शंका येऊ नये म्हणून रोज कागद विकत घेतला होता, ओठ हलवले होते, पानं उलटली होती. ते सगळं आता भर स्वयंपाकघरात, मालकासमोर आणि परक्या बाईसमोर उघडं पडलं. वस्तादाला वाटलं, आपण भर रस्त्यात कोणाच्या तरी अंगावरचं वस्त्र ओढलं.

खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. "मी लिहिलं" एवढे दोनच शब्द. पण जीभ आता टाळ्याला चिकटली ती सुटेना. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि काय ते समजल्या. त्यांनी अहवालात लिहिलं, वाचून दाखवलं, "तापमानाच्या नोंदी खोट्या, नोंद करणारा मुख्य आचारी," आणि पेन त्याच्यापुढे केलं. त्याने सही केली. ती अक्षरं वहीतल्या अक्षरांशी तंतोतंत जुळली.

हॉटेल सात दिवस बंद. काचेच्या दारावर पिवळा कागद, त्यावर मोठ्या अक्षरात निकाल आणि खाली एकूण चौदा दोष. बाई तो चिकटवत होत्या तेव्हा मावशीने एप्रन काढला, नीट घडी करून सिंकच्या कडेवर ठेवला आणि ती मागच्या दाराने गेली. वर्तमानपत्र पायरीवरच राहिलं.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली होती. बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली.

"भाताचं खरं आहे?"

"हो."

"वहीचं?"

"हो."

"आणि मावशीचं नाव का घेतलंत?"

"तोंडातून निघून गेलं."

"तोंडातून ढेकर निघतो," ती म्हणाली. "नाव नाही निघत. तिला कोणी वाली नाही हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून निघालं." ती उठून आत गेली. वस्ताद ताटाकडे बघत बसला. पाहुण्यांसमोर "आमचे वस्ताद" म्हणणं तिने त्यानंतर सोडलं. कधी परत सुरू केलं नाही.

बंदच्या दिवसांत मालक आणि तो मिळून स्वयंपाकघर घासत होते. मालक शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो फक्त "तो कोपरा बघा", "हा ट्रे टाकून द्या" एवढंच बोलायचा. शिव्या परवडल्या असत्या. रस्त्यावरून जाणारे थांबून कागद वाचायचे. एक बाई आपल्या मुलीला बोट धरून वाचायला शिकवत होती, "क-च्चं चि-कन", आणि वस्ताद काचेच्या आत फडकं घेऊन खांबामागे उभा होता.

साबणाने हात सोलवटले तेव्हा तो समोरच्या दुकानात मलम घ्यायला गेला. औषधवाले काका त्याच्या फ्राइड राइसचे जुने भक्त, दर गुरुवारी एक प्लेट ठरलेली. हॉटेल बंद होण्याआधीच्या गुरुवारनंतर त्यांचं दुकान दोन दिवस बंद होतं, हे त्याला आत्ता आठवलं.

काकांनी मलम पुढ्यात ठेवलं. "तक्रार मीच केली," ते म्हणाले. "दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं. सोळा वेळा उलटी झाली. बायको घाबरून रडायला लागली. तुमच्याकडे येऊन तोंडावर सांगावं असं वाटलं होतं, पण तुम्ही म्हणाला असतात, काका, बाहेर आणखी काही खाल्लं असेल."

"म्हणालो असतो," वस्ताद म्हणाला.

त्याने मलमाचे पैसे ठेवले आणि रस्ता ओलांडला.

पाचव्या दिवशी तो मावशीच्या घरी गेला. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, तिच्यात ती आणि नात. मावशी चादरींच्या ढिगासमोर बसून कडा शिवत होती. तिने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. येणाऱ्याला पाणी द्यायचं म्हणून दिलं.

"मावशी, चुकलो. माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"तुमचं नाव घेतलं त्याची. खोटं बोललो त्याची."

"खोटं मीही नऊ वर्षं बोलले," मावशी म्हणाली. "त्याचं काही नाही. पण वस्ताद, माझं खोटं कोणाच्या पोटात जात नव्हतं. आणि कोणावर ढकललेलंही नव्हतं."

वस्तादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. फरशीवर दोऱ्याचे तुकडे पडले होते.

"ही पोर," तिने दाराकडे मान केली, जिथे दहाएक वर्षांची नात दप्तर घेऊन उभी होती, "रोज गृहपाठ करून वही माझ्यापुढे धरायची. मी चष्मा लावून बघायची आणि 'छान' म्हणायची. परवा वही घेऊन आली आणि मधेच थांबली. वही मागे घेतली. म्हणाली, राहू दे आजी. तिला कोणी सांगितलं देव जाणे. मालकाने चार ठिकाणी किस्सा सांगितला असेल. रागावली नाही हो ती. मला लाजवू नये म्हणून मागे झाली. ते मला जास्त लागलं."

वस्तादाचे डोळे भरून आले, पण इथे रडणं म्हणजे आणखी काही मागणं होतं, एवढी अक्कल त्याला त्या क्षणी आली. तो उठला.

"कामावर या असं म्हणायला मला तोंड नाही."

"म्हणू नका. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालंय. ह्या चादरी तिथल्याच."

आठव्या दिवशी निरीक्षक बाई परत आल्या. नवा फ्रीज होता, भाताचे ट्रे होते, कच्चं खाली आणि शिजलेलं वर होतं. वहीत खरे आकडे होते. पहिल्या दिवशी, जुन्या फ्रीजचा, नऊ होता, आणि शेजारी लिहिलं होतं, "सहा किलो चिकन फेकलं." बाई तिथे थोड्या थांबल्या, पण शाबासकी वगैरे काही दिली नाही. पिवळा कागद निघाला, हिरवा लागला. मालकाने पेढ्यांचा विषय काढला, वस्तादाने तो तिथेच मोडला. लोक हळूहळू परत यायला लागले. औषधवाले काका आले नाहीत. रस्त्यात भेटले की हसतात, नूडल्स कशा चालल्यात विचारतात, पण गुरुवारची प्लेट बंद झाली ती झाली.

त्यानंतर चार महिन्यांनी एका रविवारी दुपारी मावशी नातीला घेऊन पुढच्या दाराने आत आली. नऊ वर्षांत ती त्या दाराने कधी आली नव्हती. दोघी खिडकीशेजारी बसल्या. वस्ताद एप्रनला हात पुसत बाहेर आला.

नातीने यादी उघडली आणि एकेक पदार्थ मोठ्याने वाचला, किमतीसकट. मावशी शांतपणे ऐकत होती. चष्मा तिने लावलेला नव्हता.

"आधी आत बघून येते," मावशी म्हणाली. "गिऱ्हाइकाला बघता येतं ना?"

"येतं."

तिने फ्रीज उघडला, भाताच्या ट्रेवर तळहात ठेवला, सिंकखाली वाकून बघितलं. "पाइपाच्या मागे तेलकट आहे," एवढं म्हणून ती जागेवर जाऊन बसली आणि तिने फ्राइड राइस मागवला.

त्याने तो केला. मीठ दोनदा चाखून बघितलं. ताटली स्वतः नेऊन ठेवली आणि आत जाऊन पाइपाच्या मागे घासायला बसला.

अर्ध्या तासाने त्या दोघी गेल्या. नातीची ताटली रिकामी होती. मावशीच्या ताटलीत अर्धा भात उरला होता, नीट एका बाजूला सारलेला. पोट भरलं म्हणून उरला, की घास पुढे गेला नाही म्हणून, ते वस्तादाला कळलं नाही. दोघी अजून समोरच्या वळणावरच होत्या, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याला धीर झाला नाही. त्याने ताटली उचलली आणि स्वतः घासली.