गल्लीचं रुंदीकरण आणि ओट्यावरचे काका

माझं माहेर साताऱ्याचं, वडील पलटणीतून निवृत्त झालेले. लग्न होऊन सांगली जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी आले आणि मुख्य गल्लीत सासऱ्यांच्या लहानशा गाळ्यात ब्लाउज शिवायला बसले. समोर भांड्यांचं दुकान होतं. त्याचे मालक जैन, वयानं आता सत्तरीच्या पुढचे. सगळा बाजार त्यांना अण्णा म्हणायचा. अण्णांच्या दुकानापुढच्या ओट्यावर एक काका बसत. बॅगांच्या चेन बदलणं, पट्टे शिवणं, छत्र्यांच्या काड्या बसवणं ही त्यांची कामं. शेजारच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं यायचे आणि संध्याकाळी पत्र्याची पेटी अण्णांच्या दुकानात ठेवून परत जायचे. माझ्याकडे कुणी पर्सची चेन घेऊन आलं की मी समोर बोट दाखवायची. त्यांच्याकडे कुणी फाटका परकर घेऊन आलं की ते माझ्याकडे पाठवायचे. अशी वीसेक वर्षं गेली.

गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर दोन मोटारसायकली आल्या तर एकीला कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागे. पावसाळ्यात गटार तुंबायचं. हळूहळू बायका बायपासवरच्या नव्या दुकानांकडे वळल्या. तिथं गाडी लावता येते, मुलाला हाताला धरून चालता येतं, असं माझ्या जुन्या गिऱ्हाइकांनीच मला सांगितलं. म्हणून नगरपालिकेनं गल्ली रुंद करायचं ठरवलं, तेव्हा मला ते मनातून पटलं होतं. फक्त माझ्या गाळ्यात टेप घेऊन माणसं आली आणि तांबडी रेघ माझ्या शिलाई मशीनच्या मागे मारून गेली, तेव्हा मागे किती जागा उरते ते मी वितीनं मोजून पाहिलं. रेघेच्या हिशेबानं माझं मशीन रस्त्यात होतं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मुख्याधिकारी तरुण बाई होत्या. गटार जमिनीखालून जाईल, दिवे लागतील, बसायला बाकं येतील, असं त्यांनी नकाशा लावून नीट समजावलं. बाजार असाच राहिला तर तो आपोआपच बंद पडेल, असंही म्हणाल्या. दुकानदारांनी गलका केला. कुणी कोर्टात जायचं म्हणालं, कुणी वरचा मजला बांधायची परवानगी मागितली. काका दाराशी उभे होते. जे ओट्यावर बसतात त्यांचं काय, हे विचारावं असं माझ्या मनात आलं होतं. पण तेवढ्यात माझ्या गाळ्याचा विषय निघाला, मी त्याबद्दल बोलले आणि खाली बसले.

रेघेपुढचं बांधकाम ज्यानं त्यानं पाडून घ्यायचं होतं, पण महिनाभर कुणी हललं नाही. मग एका सकाळी अण्णांनी स्वतःच गवंडी बोलावला आणि स्वतःचा ओटा पाडायला घेतला. बाजारातली माणसं चिडली. एकी मोडली, असं तोंडावर बोलली. अण्णा शांतपणे म्हणाले, "दुसऱ्यानं पाडलं तर मागची भिंतपण हलेल. आपण पाडलं तर जेवढं पाडायचं तेवढंच पडतं." त्यांचं पाहून मग मीही माणूस लावला, आणि आठवड्याभरात सगळी गल्ली घण मारायला लागली.

अण्णांनी ओटा पाडला त्या सकाळी काका नेहमीच्या एसटीनं आले. ओट्याचे दगड रस्त्यात पडले होते. अण्णांनी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं. का, ते त्यांनी पुढं मला एकदा सांगितलं. सांगायला जीभ रेटली नाही, एवढंच. काकांनी पेटी मागून घेतली आणि डोक्यावर ठेवली. मी त्यांना आत बोलावलं, पण माझ्या गाळ्यातसुद्धा मशीन आणि टेबल सोडून उभं राहण्यापुरतीच जागा होती.

दोन दिवसांनी त्यांना घेऊन मी पालिकेत गेले. फेरीवाल्यांना नव्या भाजी मंडईमागे जागा मिळणार होत्या. कारकुनानं यादी पाहिली. नाव नव्हतं. नोंदणी रस्त्यावर बसणाऱ्यांची झाली होती आणि काका खाजगी ओट्यावर बसत, म्हणून ते फेरीवाले नव्हते. गाळा नव्हता, म्हणून दुकानदारही नव्हते.

"म्हंजे आमी कुठंच न्हाई," काका म्हणाले. रागानं नाही, समजून घेतल्यासारखं.

कारकून ओशाळला. या जागी धंदा करत होता याचा काही पुरावा आणा, म्हणाला. पावती, बिल, परवाना यातलं काहीच त्यांच्याकडे नव्हतं.

परत येताना मला राहवलं नाही. सभेत मी तुमचा विषय काढायला हवा होता, असं मी त्यांना म्हटलं.

"ताई, मी बी दारात हुतो की," ते म्हणाले. "मला बी तोंड हाय. मीच न्हाई बोललो."

घरी आल्यावर फोन चाळताना एक गोष्ट लक्षात आली. दरवर्षी खंडेनवमीला मी मशीनची पूजा करायची, तेव्हा काका आपली आरी आणि पक्कड आणून माझ्या मशीनशेजारी ठेवायचे. मुलगी दरवर्षी फोटो काढायची. सलग सात-आठ वर्षांचे फोटो निघाले. प्रत्येकात झेंडूची फुलं वाहिलेली हत्यारं, शेजारी हात जोडून काका, आणि मागे अण्णांचा ओटा. मी ते छापून घेतले. अण्णांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं, की हा माणूस अमुक वर्षांपासून माझ्या दुकानापुढे बसतो. पत्र देताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

मुख्याधिकारी बाईंनी फोटो एकेक करून पाहिले. दोन प्रश्न विचारले आणि पुरवणी यादीत नाव घालायला सांगितलं. गल्लीत मात्र जागा नाही, ती मंडईमागेच मिळेल, हेही स्पष्ट सांगितलं.

काम पुरं व्हायला वर्षापेक्षा जास्त लागलं. तोवर धुळीनं गिऱ्हाईक येईना, मी घरीच शिवत होते. आता गल्ली खरंच चांगली झाली आहे. पाऊस पडला तरी पाय कोरडे राहतात, संध्याकाळी म्हाताऱ्या बायका बाकांवर बसलेल्या असतात. माझा गाळा अरुंद झाला, मशीन आडवं लावावं लागतं, कापायला टेबल नाही, मांडीवर फळी घेते. पण बायका परत आल्या. जागेचे भाव वाढले तसे दोन जुने दुकानदार गाळा विकून गेले, तिथं मोबाइलची दुकानं आली. अण्णांचा मुलगा स्टीलऐवजी मिक्सर, कुकर ठेवतो.

मंडईमागे पहिले काही महिने काकांकडे कुणी फिरकलं नाही. बंद करून शेतमजुरीला जावं का, असं ते मला विचारायचे. मी गिऱ्हाइकांना चिठ्ठीवर रस्ता काढून द्यायची. पुढं शाळेला त्याच बाजूनं नवं फाटक झालं आणि दप्तरं यायला लागली. आता जूनमध्ये त्यांना मान वर करायला सवड नसते.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बॅग घेऊन गेले होते. अण्णाही तिथं होते, छत्री दुरुस्तीला घेऊन आले होते. काकांनी त्यांना बसायला खोकं पुढं सरकवलं. मग त्या दोघांचं उसाच्या तोडणीवर बोलणं सुरू झालं आणि मला माझ्या बॅगेसाठी बराच वेळ थांबावं लागलं.