ज्युलीची ताटातली बाग

पापनिवेदनाला मी आयुष्यात शेकडो वेळा बसलो असेन. त्यांतल्या चार वेळा, चार वेगवेगळ्या फादरांपुढे, मी एकच पाप सांगितले. पहिल्या तिघांनी प्रार्थना म्हणायला सांगून मला मोकळे केले. चौथे फादर तरुण होते. त्यांनी विचारले, "ज्यांचं घेतलंत त्या हयात आहेत का?" मी म्हणालो, "माझी बहीण आहे ती. इथेच दुबईत, मुलीकडे राहते." "मग तिला सांगा," ते म्हणाले. त्याला दोन वर्षे झाली आणि मी सांगितले नाही. शारजाच्या अल मजाज भागात मुलाच्या घरी मी सुखात होतो, फक्त प्रार्थनेला बसलो की अर्ध्यात थांबत होतो. बहिणीपुढे तोंड उघडत नाही आणि देवापुढे उघडतो, याची लाज वाटे. त्यात गेल्या नोव्हेंबरात ज्युलीचा फोन आला. जुमेरा लेक टॉवर्समधला मुलीकडचा मुक्काम संपवून ती पुढच्या मंगळवारी कायमची वसईला चालली होती.

पाप कोणते, हे सांगायला मला लहानपणीच्या इंग्लंडात जावे लागेल. तिथे जायला मला अजूनही आवडते.

आई नर्स होती. बाबा वारल्यावर ती आम्हा दोघांना घेऊन इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका छोट्या गावात आली. मी आठ वर्षांचा, ज्युली सहाची. एक रस्ता, एक दगडी चर्च, पोस्ट आणि वाणसामान मिळून एक दुकान, आणि मागे ओढा, एवढे ते गाव. दगडी चर्च आम्हा कॅथलिकांचे नव्हते. आमची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सात मैलांवरच्या बाजाराच्या गावी, धान्यबाजाराच्या जुन्या इमारतीच्या माडीवर होई. तिथे बुधवारी खाली मेंढ्यांचा लिलाव चाले आणि त्याचा वास रविवारपर्यंत टिके. धुपाचा आणि मेंढ्यांचा वास आजही माझ्या नाकात एकत्रच येतो, आणि आला की मला प्रसन्न वाटते. परतताना ज्युली दोन थांबे आधी उतरायचा हट्ट धरी, कारण तिथल्या कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकलेल्या असत. आईचे रविवारचे पांढरे हातमोजे सप्टेंबरभर जांभळे असायचे.

शेजारी हॅरल्ड नावाचे म्हातारे गृहस्थ होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि कांद्यांवर पोटच्या पोरांसारखे प्रेम करणारे. ते आम्हाला 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', अशी हाक मारत. त्या भागात लाडाने सगळ्यांनाच तसे म्हणतात. ज्युलीने पहिल्याच दिवशी घरी येऊन आईला विचारले होते, "आई, मी फेंगडी चालते का गं?"

उन्हाळ्याच्या शेवटी गावच्या मैदानावर तंबू ठोकून भाज्याफुलांचे प्रदर्शन भरे. सर्वांत मोठा कांदा, सर्वांत सरळ घेवडा, जॅम, केक, सगळ्यांना नंबर. मुलांसाठी एक खास स्पर्धा असे, जेवणाच्या ताटलीत बाग करायची. नियम असा की प्रत्येकाने आपल्या ताटलीपुढे नावाचे कार्ड पालथे ठेवायचे, म्हणजे परीक्षकाला कळू नये कोणाचे काय. निकाल लागला की कार्ड सुलटे करायचे.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी बागा केल्या. मी चिनी मातीच्या बशीत हॅरल्डकाकांचे गुलाब खोचले. ज्युलीने वसईहून आणलेले आईचे स्टीलचे ताट घेतले, त्यात शेवाळ अंथरले, फर्नची पाने उभी करून केळीची वाडी केली, आणि मधोमध ताटाचा एवढासा तुकडा उघडाच ठेवला. तेच विहिरीचे पाणी. आकाश त्यात खरेच दिसत होते. प्रदर्शनाच्या सकाळी तिला गालगुंड झाले, आईची ड्यूटी होती, म्हणून दोन्ही बागा ढकलगाडीतून मीच घेऊन गेलो. हॅरल्डकाकांनी मैदानापर्यंत गाडीला हातभार लावला.

तंबूत दोन्ही बागा शेजारी ठेवल्या तेव्हा आपली किती सामान्य आहे ते मला दिसले. दोन्ही कार्डे माझ्याच हातात होती. मी तिच्या ताटापुढे माझे कार्ड पालथे ठेवले आणि माझ्या बशीपुढे तिचे.

ताट पहिले आले. मला लाल चिठ्ठी मिळाली, छोटा चषक मिळाला, बाजारगावच्या वर्तमानपत्रात चषकासह माझा चेहरा आला. हॅरल्डकाका त्या ताटापुढे बराच वेळ उभे होते. मग वाकून एवढेच म्हणाले, "बहिणीला सांगशील ना, मी डक?" मी मान हलवली. घरी जाताना दोन्ही बागा ओढ्यात रिकाम्या केल्या आणि ज्युलीला सांगितले, माझी पहिली आली, तुझी नाही आली. त्या हिवाळ्यात काका वारले. त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही.

ज्युलीने त्यानंतर बाग केली नाही. ती कुरकुरली नाही, रडली नाही, तिने फक्त मान्य करून टाकले. "माझा हात झाडांना लाभत नाही, दादाचा लाभतो," असे ती सासरी, वसईत, इथे, सगळीकडे हसत सांगत आली. आणि चषकाची गोष्ट मी माझ्या मुलांना सांगितली, नातीला सांगितली, ऑफिसात सांगितली. खोटे इतके वापरले की त्याला घरच्या भांड्यासारखी चकाकी आली.

तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाने सुगीचा उपकारस्तुतीचा सण ठरवला होता. शिकवणाऱ्या बाईंनी माझी गोष्ट ऐकलेली. त्यांनी मुलांसाठी ताटलीतल्या बागेची स्पर्धा ठेवली, कार्डे पालथी ठेवण्याचा नियम मलाच विचारून घेतला, आणि शेवटी मुलांना ते जुने बक्षीस कसे मिळाले ते सांगा म्हणाल्या. नाही म्हणायला मला कारण सुचले नाही. दोन रात्री नीट झोपलो नाही. "देवा, मला बोलता येत नाही, तू काय ते कर," एवढेच म्हणत राहिलो. त्याहून शहाणी प्रार्थना मला जमली नाही.

शुक्रवारची सकाळ. आवारात मल्याळी, फिलिपिनो, गोव्याची, आमच्या वसईची माणसे अशी दाटी. ज्युलीही आली होती, निरोपाची मिस्सा म्हणून. माझी नात एलिसा हिने ताटलीत लेगोचा टॉवर उभारून भोवती प्लॅस्टिकचे उंट ठेवले होते. झाड एकच, तेही कोथिंबिरीचे.

"बागेत झाडं हवीत गं," ज्युली म्हणाली.

"इट्स दुबई, आजी," एलिसा म्हणाली आणि मैत्रिणींत पळाली.

तेवढ्यात वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. तंबूची कनात फडफडली आणि टेबलावरची सगळी कार्डे जमिनीवर. एका अनोळखी बाईंनी वाकून ती गोळा केली. निळी सुती साडी, वय माझ्याएवढेच असेल. गठ्ठा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "भाई साहब, आप तो सुबह से यहीं खड़े हैं। आपको पता होगा किसका कौन सा है। जल्दी लगा दीजिए, जज आ रही हैं।" आणि त्या गर्दीत गेल्या. नंतर मी त्यांना पुष्कळ शोधले, आभार मानायला. सापडल्या नाहीत. एवढ्या गर्दीत माणूस न सापडणे यात नवल नाही, आणि मीही त्यात नवल शोधत नाही.

कुठली ताटली कोणाची, मला खरेच ठाऊक होते. एलिसाचे कार्ड सर्वांत वर होते. समोर एका मुलीने पुदिन्याचे अख्खे शेत केले होते. मी एका हाताने टेबलाची कड धरली.

"दादा, काय होतंय? बस जरा. शुगर कमी झाली का?"

"ज्युली, ही कार्डं तू लाव. माझ्या हातून नको."

"का?"

"एकदा मी बदलली होती." आणि मग सगळे आले, ताट, गालगुंड, ओढा, जसे होते तसे. किती वेळ बोललो आठवत नाही.

ती म्हणाली, "परत बोल."

"पहिली तुझी आली होती."

"माझी? ती केळीची वाडी?"

"हो."

"आणि तुझी कितवी?"

"कितवीच नाही."

ती हसायला लागली. इतक्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. "अरे लबाडा! म्हणून तो कढीपत्ता! तुझा हात लाभतो म्हणून रोप लावायला दर वेळी तुला शारजाहून टॅक्सीने बोलावते, चहा पाजते, नाष्टा घालते, आणि दर वेळी मेला तो कढीपत्ता पंधरा दिवसांत मरतो! मी म्हणते, पाणीच वाईट इथलं!" हसता हसता तिचे डोळे भरले. मग ती गंभीर झाली. "आईला ठाऊक होतं?"

"नाही."

"ते वाईट झालं, दादा. तिला फार आनंद झाला असता. तिच्या ताटाला नंबर आला होता."

ज्युलीने माझा हात दोन्ही हातांत धरला. मग गठ्ठा घेतला, एकेक कार्ड मला विचारून जागेवर लावले, आणि म्हणाली, "आता माइकवर जा. खरं सांग. आणि माझं नाव नीट घे."

मी सांगितले. शेवटी पहिल्या रांगेतून एलिसाचाच आवाज आला, "सो आजी वॉन?"

"हो बाळा," मी म्हणालो, "आजी जिंकली." आणि टाळ्या पडल्या. बासष्ट वर्षांनी पडल्या.

इतकी वर्षे मला वाटत होते की माझ्यापाशी एक दगड आहे, तो तिच्यापुढे ठेवायचा आहे आणि तिने तो मारू नये एवढीच देवाकडे याचना आहे. त्या दिवशी समजले, माझ्यापाशी दगड नव्हताच. तिचा एक मोठा आनंद मी भीतीपोटी दाबून बसलो होतो. देव मला शिक्षेकडे ढकलतो आहे असे समजून मी पाय रोवत होतो, आणि तो फक्त म्हणत होता, तिचे तिला दे. देवावर सोपवणे म्हणजे काय ते मला म्हातारपणी असे कळले. त्याला काही फार थोर धैर्य लागत नाही. हातातले धरवेनासे झाले की ते खाली ठेवायचे, एवढेच.

बक्षीस पुदिन्याच्या शेताला मिळाले. पण मुलांनी गराडा घातला तो ज्युलीला. "आजी, माझी बघा," "आँटी, कम सी माइन." ती प्रत्येक ताटलीपाशी वाकत होती, शेवाळाला बोट लावत होती, इथे थोडे पाणी हवे, इथे एक दगड ठेव, असे सांगत होती, जणू आयुष्यभर हेच करत आली होती. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने पर्स माझ्याकडे दिली होती. ती पर्स छातीशी धरून मी तिच्या मागोमाग एकेक टेबल पुढे सरकत होतो, आणि अर्ध्यात थांबलेली माझी प्रार्थना आपोआप पुरी होत होती.