गैरहाजिर एक

त्या वर्षी चौदा ऑगस्टला दुपारी चार वाजता आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर परेडची तालीम झाली. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. पेन्शनीवर आलेले आम्ही नऊ फौजी होतो. परेड कमांडर मी, हवालदार रिटायर्ड. आणीबाणी उठून पाच-सहा वर्षं झाली होती.

गावात एक रीत होती, मीच लावलेली. झेंडावंदनापूर्वी माजी सैनिक पलटणीसारखे फॉल-इन व्हायचे. मी मोजणी घ्यायचो, तीन पावलं पुढे जाऊन पाहुण्यांना सॅल्यूट करायचो आणि रिपोर्ट द्यायचो, "श्रीमान, परेड में कुल नौ, हाजिर नौ." पाहुणे मान हलवायचे आणि दोरीकडे वळायचे. सगळं मिळून चार मिनिटं. लोकांना हे इतकं आवडायचं, की मास्तर रिपोर्टच्या वेळी माइक आमच्या दोघांच्या मधोमध आणून ठेवायचे.

त्या वर्षी पाहुणा म्हणून आमचा जुना सरपंच ठरला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ते पुरेशा पाट्यांवर लागलेलं आहे. आता तो तालुक्याचा पुढारी झाला होता आणि पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आली की गावोगाव स्वातंत्र्यावर बोलायचा. हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी मी ठरवलं, झेंड्याच्या दोरीला हात लावण्याआधी या माणसाला किसनचं नाव ऐकवायचं. साऱ्या गावासमोर. दुसरं काही मला नको होतं.

लान्स नाईक किसन मडावी माझ्याच गावचा आणि माझ्याच कंपनीतला. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या प्लाटूनचा वायरलेस सेट त्याच्याकडे होता. दुपारी अडीचच्या सुमारास माझ्या मांडीत गोळी लागली आणि मी बांधाच्या पलीकडे पडलो. सेटवर हुकूम आला, "पूरी प्लाटून पीछे हटो. ओव्हर."

किसन म्हणाला, "एक जवान बाकी है. ओव्हर."

"पीछे हटो. ओव्हर."

त्याने सेट बांधाला टेकवला आणि सरपटत माझ्याकडे आला. मला ओढत नेलं, मग सेटही परत आणला. त्याबद्दल त्याला ना शिक्षा झाली, ना शाबासकी मिळाली.

पुढे तो पेन्शन घेऊन गावी आला आणि लाकडाच्या डेपोत चौकीदार झाला. मी तेव्हा राजस्थानात सीमेवर होतो. आणीबाणीत बाजाराच्या दिवशी नसबंदीची गाडी गावात आली. वरून आकडा ठरून आला होता. तो भरायला दोन बिनलग्नाचे गडीही गाडीत कोंबले होते. किसन गाडीपुढे उभा राहिला. म्हणाला, "त्याइचं अंग त्याइचं आहे. खाली उतरवा त्याइले." बाजारातली माणसं बघत होती, म्हणून त्या दोघांना उतरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पोलिसांची जीप किसनच्या दारात आली.

अकरा महिने तो तुरुंगात होता. खटला नाही, वकील नाही. सुटला तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होतं, आणि तीन महिन्यांत गेला. मला रजा मिळाली नाही. त्याचं नाव याच सरपंचाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून पोलिसांना दिलं होतं, हे मला पुढे त्या जीपमधल्या शिपायाने सांगितलं. राजकारणातलं मला फारसं कळत नाही. पण माणसाच्या अंगावर त्याचा स्वतःचा हक्क नसेल, तर मी सीमेवर राखण कशाची करत होतो?

पंधरा ऑगस्ट, सकाळी सात पन्नास. मैदान भरलं होतं. मी मोजणी घेतली, तीन पावलं पुढे गेलो, सॅल्यूट केला.

"श्रीमान, परेड में कुल दस, हाजिर नौ, गैरहाजिर एक."

माइक समोर असला की या माणसाला थट्टा सुचायची. माझी सारी भिस्त त्या सवयीवरच होती.

"वा हवालदार. आजच्या दिवशी बी गैरहाजिर? कोन आहे थो? काऊन नाई आला?"

लोक हसले.

"लान्स नाईक किसन मडावी," मी म्हणालो. "तुमी चिठ्ठीवर त्याचं नाव लिवून देल्लं, म्हणून नाई आला."

कर्ण्यातून ते पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं. हसणं थांबलं. मी पुढचा रिपोर्ट दिला. जीप किती वाजता आली, किती महिने आत होता, सुटून किती दिवस जगला. आवाज चढवला नाही.

पुढारी माइकवर हात ठेवून म्हणाला, "हे बोलाची जागा नाई, हवालदार."

"आठ वाजले. दोरी ओढा."

त्याने ओढली. झेंडा दुसऱ्या हिसक्याला उघडला. मी सलामी झेंड्याला दिली, त्याला नाही. भाषण न करताच तो गाडीत बसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्याचा तो उतरलेला चेहरा आठवला की आजही बरं वाटतं.

किसनची बायको जायबाई शाळेच्या भिंतीजवळ उभी होती. मी छाती काढून तिच्याकडे गेलो.

ती म्हणाली, "भाऊजी, रपोट अर्धाच देल्ला तुमी."

"काय राह्यलं?"

"तुमची चिठ्ठी."

नसबंदीची गाडी आमच्या गावाआधी शेजारच्या गावात येऊन गेली, तेव्हा किसनने मला पत्र टाकलं होतं. आता आपल्या गावाची पाळी आहे, काय करू, असं विचारलं होतं. मी चार ओळी लिहिल्या होत्या. हुकूम तो हुकूम. गप्प राह. सरकारशी वाकडं घेऊ नको.

जायबाई म्हणाली, "सारे फौजी तुमच्या सबदाची वाट पाहून राह्यले होते. तुमची चिठ्ठी त्याइनं सगळ्याइले वाचून दाखवली. मंग गाडीपुढं कोनी आलं नाई. एकटेच उभे राह्यले."

मी वळून पाहिलं. मागे उरलेले आठ जण अजून रांगेतच उभे होते. त्यांच्यापैकी एकानेही हे मला कधी सांगितलं नव्हतं.

तो पुढारी गावात पुन्हा आला नाही. पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन हेडमास्तरांच्या हातून होतं. मी मोजणी घेतली, तीन पावलं पुढे गेलो आणि रिपोर्ट दिला. कुल दस, हाजिर नौ, गैरहाजिर एक, लान्स नाईक किसन मडावी. हेडमास्तरांनी काही विचारलं नाही. तरी कुणामुळे गैरहाजिर, ती दोन नावं मी माइकवर घेतली. पहिलं त्या पुढाऱ्याचं. दुसरं माझं, रँकसकट. मग वळलो आणि परेडला सावधान केलं.